लॉग कोणी उघडत नाही

चहा घेताय ना, घ्या. फक्त एक करा, शेवटचा घोट तोंडात ठेवून माझं ऐकू नका. ठसका लागेल आणि तोही माझ्याच नावावर जाईल. माझ्या नावावर आधीच पुष्कळ आहे. अकरा पानं.

आधी एक सांगते, मी बोलत नाही. म्हणजे येतं बोलता. पण वर्गात मी ‘हजर’ म्हणते ते फक्त पुढच्या बाकावरच्या मुलीला ऐकू जातं, मग ती बाईंना सांगते, “आहे ती, बाई.” जिन्यात कोणी विचारलं, “काय गं तनू, जेवलीस का?” तर मी मान हलवते. ती कुठल्या दिशेने हलली हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता अशी मुलगी अख्ख्या चाळीला तोंड लपवायची वेळ आणेल का? तुम्ही म्हणाल, छे. चाळही तेच म्हणत होती. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सव्वादहापर्यंत.

आमची चाळ करी रोडला. तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे वाचनालय. ते तात्यांनी काढलं. तात्या म्हणजे आमच्या चाळीतले सगळ्यात जुने गिरणी कामगार, साचेखात्यातले, म्हणजे जिथे कापड विणायचे तिथले. संपात साचे बंद पडले, माणसं दिवसभर गॅलरीत बसून एकमेकांवर खेकसायला लागली, तेव्हा तात्या पिशवी घेऊन घरोघरी पुस्तकं मागत फिरले. हात रिकामे आहेत तर निदान डोळ्यांना काम द्या, असं म्हणाले म्हणे. संप काही मिटला नाही, गिरणी काही उघडली नाही, पण वाचनालय रोज संध्याकाळी पाच वाजता उघडतं. किल्ली तात्यांच्या गळ्यात असते, काळ्या दोऱ्यात. आंघोळीलाही काढत नाहीत असं माई, म्हणजे त्यांच्या बायको, सांगतात.

गेल्या वर्षी कोणीतरी वाचनालयाला जुना कॉम्प्युटर दिला. तो चालू केला संदेशदादाने. दादा आमच्याच चाळीतला, आता मोठ्या ऑफिसात डेटाबेसचं काम करतो. ते ऑफिस तात्यांच्या गिरणीच्या जागेवरच उभं आहे. तात्या म्हणतात, माझा साचा होता तिथे ह्याचं कॅन्टीन आहे. दादा म्हणतो, कॅन्टीन नाही, पार्किंग. ह्यावरून त्यांचं अजून मिटलेलं नाही.

डेटाबेस म्हणजे काय, घाबरू नका. एक मोठं रजिस्टर. पण त्यात पेनने लिहिता येत नाही, हुकूम सोडावा लागतो: अमुक पुस्तक तमुकाच्या नावावर लाव, कुठे लाव, तर जिथे पुस्तकाचा क्रमांक इतका असेल तिथेच. हे शेवटचं ‘तिथेच’ लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

कॉम्प्युटर चालवणारे आम्ही तिघं. दादा, तो रविवारी येणार. तात्या, ते एका बोटाने टाइप करणार. आणि मी. मला निवडलं, कारण दादाला वाटलं, ही मुलगी गप्प बसून काम करते.

पहिल्या दिवशी दादा म्हणाला, “हे बघ तनू, लॉगिन एकच आहे, वापरणार आपण तिघं. उद्या काही घोळ झाला तर कुणी केला कसं कळणार?”

मी मान हलवली.

“ताग्यासारख्या कर,” मागून तात्या म्हणाले. तात्या मालवणचे, खुशीत आले की बोली बाहेर येते. “साचेखात्यात ताग्याच्या शेवटाक साच्याचो नंबर लिवायचो. तागो मगे खय्यय जांव दे. फॉल्ट गावलो की नंबर बघून हाक मारीत. साचा चारशे अठरा, हयसर ये.”

दादा तात्यांकडे बघतच राहिला. म्हणाला, “तात्या, हेच. हेच आम्हाला ऑफिसात दोन दिवस ट्रेनिंग देऊन शिकवतात.”

तर पद्धत अशी ठरली. प्रत्येक हुकमाच्या शेवटी दोन आडव्या रेघा मारायच्या आणि पुढे लिहायचं, कोण आणि कशासाठी. ह्याला कमेंट म्हणतात. दादाने समजावलं, “डेटाबेस ती वाचत नाही. दोन रेघा दिसल्या की त्या ओळीत पुढे तो डोळेच मिटून घेतो. पण लॉगमध्ये सगळं जसंच्या तसं उतरतं. लॉग म्हणजे त्याची रोजनिशी.”

आता मी आयुष्यात फार कमी प्रश्न विचारते, पण हा विचारला. “कोण वाचतं ती?”

“लॉग? कोणी उघडत नाही गं. काही बिघडलं तरच.”

बस. इथे माझं वाटोळं झालं. तुम्हीच सांगा, जिला दिवसभर सगळं दिसतं आणि काहीच बोलता येत नाही, तिला कोणी न वाचणारी वही दिली तर ती काय करेल?

पहिले आठ दिवस मी शहाण्यासारखी लिहीत होते. ‘तनू: क्र. ५१ परत.’ ‘तनू: क्र. २०६ दिलं.’ तात्या मात्र स्वतःचं नाव लिहीत नसत. ते लिहायचे, ‘साचा ४१८: क्र. ५१ दिलं.’ दादाने सांगून पाहिलं की नाव टाका. तात्या म्हणाले, तीस वर्षां ह्याच नाव होता माझा.

मग एका संध्याकाळी नलूकाकींनी कादंबरी परत केली. नलूकाकी आमच्या मजल्यावर चौथ्या खोलीत राहतात, त्यांच्या हातची आमटी अख्ख्या चाळीला माहीत आहे. त्या दिवशी ती कादंबरीलाही माहीत झाली होती. मी पान उघडून बघितलं, काकींकडे बघितलं. काकी छताकडे बघत होत्या. मी काही बोलले नाही. पण हुकमाच्या शेवटी लिहिलं: ‘तनू: क्र. ८८, नलूकाकी, परत. पान ४२ वर आमटी. कोकम घातलेली.’

लिहिलं आणि काय बरं वाटलं म्हणून सांगू. घशात वर्षानुवर्षं अडकलेला काटा निघाल्यासारखं.

मग रोजचंच झालं. कोण पुस्तकाच्या आडून पेंगतं, कोण शेवटचं पान आधी वाचतं, कोण फक्त पंख्याखाली बसायला येतं. सगळं दोन रेघांच्या पुढे. एव्हाना तर मी कमेंट लिहायला मिळावी म्हणून उगाचच हुकूम चालवत होते. म्हणजे पुस्तक कोणीच नेलं नाही, तरी मी डेटाबेसला विचारायचे, बाबा रे, किती पुस्तकं आहेत? तो सांगायचा, दोन हजार आठशे बारा. आणि त्या प्रश्नाच्या शेपटीला मी एक-दोन वाक्यं लिहायचे. रोज सात-आठ वेळा पुस्तकं मोजणारं वाचनालय जगात दुसरं नसेल.

आता त्या गुरुवारकडे येते.

माई मोरीत घसरल्या होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्या गुरुवारी तात्या वाचनालयात आले, इकडे तिकडे बघितलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी कागद जरा बाजूला केला. भाज्यांचं पुस्तक. म्हणजे करायच्या.

“लिव,” तात्या हळूच म्हणाले. “पण बोलू नको, चेडवा. कोणाक म्हणजे कोणाक.”

मी मान हलवली. ह्या वेळी अगदी सरळ, हो म्हणून. आणि मी शब्द पाळला. मी कुणाला सांगितलं नाही.

फक्त लिहिलं.

आणि इथेच घोळ झाला. रोज मी आधी हुकूम पुरा लिहायचे, ‘जिथे क्रमांक इतका असेल तिथेच’ हे लिहायचे, मग रेघा, मग कमेंट. पण त्या दिवशी कमेंट एवढी छान सुचली होती की मला दम धरवेना. तुमच्या पुढ्यात गरम भजी आणि गार भात ठेवला, तर आधी काय खाल? मी लिहिलं, ‘पुस्तक तात्यांच्या नावावर लाव’, लगेच दोन रेघा मारल्या, कमेंट लिहिली, आणि मग आठवलं की क्रमांक राहिला, तर तो त्याच ओळीत कमेंटच्या पुढे लिहिला.

लक्षात आलं? डेटाबेस रेघांच्या पुढचं वाचत नाही. त्याने एवढंच वाचलं: पुस्तक तात्यांच्या नावावर लाव. कुठलं? काही सांगितलेलं नाही. मग सगळीच लावली.

त्याने मला तसं कळवलंही. दोन हजार आठशे बारा नोंदी बदलल्या, असं पडद्यावर लिहिलं. पण तात्या माझ्या डोक्यावरून वाकून बघत होते आणि माझी कमेंट त्यांना दिसू नये म्हणून मी ती खिडकी झटकन बंद केली. तात्या पुस्तक शर्टात खुपसून गेले. शुक्रवारी-शनिवारी एकही पुस्तक इकडचं तिकडे झालं नाही.

दुसरीकडे काय चाललं होतं ते सांगते. आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी शिर्केकाका. त्यांचं म्हणणं, वाचनालय बंद करून त्या खोलीत जिम करायची. “वाचतं कोण आता? एक माणूस दाखवा,” असं ते भेटेल त्याला विचारत. रविवारी दहाची मीटिंग लावली होती. ठराव झाला की तात्यांनी किल्ली द्यायची, पुस्तकं पोत्यात भरायची. तात्या आठवडाभर गळ्यातला दोरा सारखा चाचपायचे.

शनिवारी शिर्केकाकांनी संदेशदादाला सांगितलं, “सध्या किती पुस्तकं लोकांकडे आहेत, त्याची यादी काढून आण. दहा-बारा निघतील. मीटिंगमध्ये वाचून दाखवतो.”

रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत सगळे जमले. मी आईच्या मागे, खांबाच्या आड बसले होते. माई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. शिर्केकाकांच्या हातात यादी होती. पण ती एका पानाची नव्हती, चांगली बोटभर जाड होती.

“मंडळी,” शिर्केकाका म्हणाले, “आपल्या वाचनालयाची झाडून सगळी पुस्तकं सध्या वाचायला बाहेर आहेत. दोन हजार आठशे बारा.”

टाळ्या वाजल्या. तात्याही वाजवायला लागले.

“आणि सगळी एकाच माणसाकडे आहेत,” काका म्हणाले. “तात्यांकडे.”

टाळ्या थांबल्या. तात्यांच्या थोड्या उशिरा थांबल्या.

“वाचनालय चालतं असं दाखवायला तुम्ही सगळी पुस्तकं स्वतःच्या नावावर लावलीत, तात्या? ह्या वयात? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“मी?” तात्या उठले. “माझा एक बोट चालता, शिर्के. अठ्ठावीसशे पुस्तकां लावूक माका पुढचो जल्म लागतलो.”

“मग काय भुताने लावली? लबाडी करून वाचनालय चालवायचं नाही. किल्ली काढा.”

तात्यांचा हात दोऱ्याकडे गेला. आणि तेव्हा खांबाच्या आड माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुवार. गरम भजी. गार भात.

मी उभी राहिले. म्हटलं, “मी केलं.”

कोणालाच ऐकू गेलं नाही. पुढच्या बाकावरची ती मुलगी आमच्या चाळीत राहत नाही.

मी परत म्हटलं, “मी केलं!” आणि आता हा आवाज कुठून आला ते मला माहीत नाही. माझा नव्हता. वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली.

सगळे वळून बघायला लागले. नलूकाकी म्हणाल्या, “अगो बाई, ही बोलते.”

आईने माझा फ्रॉक ओढला. “खाली बस. कुणी विचारलं तुला?”

शिर्केकाकांचा चेहरा एकदम मऊ झाला. “बघा, मंडळी. म्हाताऱ्याला वाचवायला पोर खोटं बोलते. गुणी आहे हो. बस, बाळ.”

“खोटं नाही, काका. मीच—”

“बस, बाळ.”

सांगा मला. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडलं, तेही गुन्हा कबूल करायला, आणि कोणी घ्यायलाच तयार नाही.

तेवढ्यात संदेशदादा उठला. त्याचे डोळे चमकत होते. “भांडताय कशाला? आपल्याकडे लॉग आहे. प्रत्येक हुकमाला नाव लावलेलं आहे. दोन मिनिटांत कळेल कुणी केलं.”

मी खांब सोडून पुढे आले. गुन्ह्याची भीती नव्हती हो मला, तो मी कबूलच केला होता. पण त्या लॉगमध्ये समोर बसलेला एकेक माणूस होता.

“दादा, लॉग नको. मी केलंय, मी सांगते ना. लिहून देते.”

दादा थबकला. पण आता तात्याच अडून बसले. “नाय. ताग्याचा टोक बघल्याशिवाय कोणाचो गुनो ठरवूचो नाय. एकदा माझ्या साच्याचो फॉल्ट बाजूच्या साच्यावर गेलो. तो बिचारो बोलणी खावन इलो नि मी गप रवलंय. अजून माका ता खाता. एकाचो फॉल्ट दुसऱ्याच्या नावार? माझ्या डोळ्यादेखत नाय. उघड रे, संदेश.”

दादाने वाचनालयातला कॉम्प्युटर उचलून आणला आणि मंडळाच्या खोलीतल्या, आम्ही क्रिकेट बघतो त्या मोठ्या टीव्हीला जोडला. घोळ कधी झाला ते माहीत नव्हतं, म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. नलूकाकी चष्मा घरी विसरल्या होत्या. त्या माझ्या आईला म्हणाल्या, “तू वाच गं मोठ्याने.”

आणि माझ्या आईने, माझ्या सख्ख्या आईने, शाळेत धडा वाचतात तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली.

“तनू: क्रमांक अठ्ठ्याऐंशी, नलूकाकी, परत. पान बेचाळीसवर आमटी. कोकम घातलेली.”

सगळे नलूकाकींकडे वळले. मग नलूकाकी म्हणाल्या, “कोकम नव्हतं. चिंच होती.”

“पण आमटी होती ना?” कोणीतरी विचारलं.

“मी कुठे नाही म्हणते? पुस्तक रंगलेलं असताना माणूस चूल बंद करतो काय?”

दादाने पुढे सरकवलं. आईने वाचलं, “तनू: क्रमांक तीनशे पाच, शिर्केकाका, मुदतवाढ, सातवी. वेळेचं नियोजन कसं करावं त्याचं पुस्तक. खूण अजून पान नऊवर.”

आता हसू मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पुढे येता येता वाढलं. शिर्केकाका घड्याळात बघायला लागले. मला वाटतं, घड्याळात बघायला त्या पुस्तकात पहिल्या नऊ पानांतच शिकवत असावेत.

“म्हणजे वाचणारा एक माणूस दाखवा म्हणत होतात, तो सापडला की,” नलूकाकी म्हणाल्या.

“पुढे घे रे,” काका दादाला म्हणाले.

“तनू: पुस्तकं मोजली. संदेशदादा आलाय. नवा शर्ट. किमतीची चिठ्ठी कॉलरमागे लोंबतेय. सांगावं का? नको.”

दादाचा हात आपोआप मानेमागे गेला. मीटिंगला तर त्याने तो शर्ट घातलाही नव्हता. “दुसऱ्या दिवशी मी तोच घालून, चिठ्ठीसकट ऑफिसला गेलो होतो,” तो स्वतःशीच म्हणाला. “प्रेझेंटेशन होतं.”

मी आईला म्हटलं, “आई, आता तू नको वाचू.” पण आई रंगात आली होती. तिने पुढची ओळ सुरूही केली होती.

“तनू: पुस्तकं मोजली. आई आली. पुस्तक नको होतं. मी अभ्यास करते का ते बघायला आली. मी करत नव्हते. पुढ्यात भूगोल उघडा होता. तिला कळलं…”

आई थांबली.

“वाच की,” नलूकाकी म्हणाल्या. “तिला काय?”

“…नाही,” आईने संपवलं आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथे सांगत नाही.

असं अर्धा तास चाललं. एकेकाचं नाव आलं, एकेकाने मान खाली घातली आणि दुसऱ्याच्या नावाला वर काढली. आणि मग गुरुवार आला. आईने घसा साफ केला.

“पुस्तक तात्यांच्या नावावर लाव. तनू: तात्या, भाज्यांचं पुस्तक. माईंच्या हाताला प्लास्टर, म्हणून तात्या गुपचूप स्वयंपाक शिकतायत. काल वांगं करपलं, वास आमच्या मजल्यापर्यंत. कुणाला सांगायचं नाही. क्रमांक बाराशे तीन असेल तिथेच.”

दादा ओरडला, “सापडलं. अट कमेंटच्या आत गेली. त्याने अट वाचलीच नाही.” आणि तो ‘अट’, ‘रेघा’, ‘डोळे मिटतो’ असं काय काय समजावत राहिला, पण त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे तात्यांकडे बघत होते. तात्या आपल्या चपलांकडे.

दाराशी बसलेल्या माई हळूच म्हणाल्या, “म्हणजे ती वांग्याची भाजी तुम्ही केलेली?”

तात्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“मला म्हणालात, नलूने दिली.”

“मी?” नलूकाकी उभ्याच राहिल्या. “माझ्या नावावर? करपलेलं वांगं?”

“आणि परवाची खारट डाळ,” माई म्हणाल्या. “आणि ते पिठलं. अगो नलू, मी सगळ्यांना सांगत सुटले, नलूचा हात बिघडला म्हणून.”

“तरीच. तरीच चार दिवस कोणी माझ्याकडे वाटी घेऊन आलं नाही.” काकी तात्यांकडे वळल्या. “काय हो, एकाचा फॉल्ट दुसऱ्याच्या नावावर घालायचा नाही ना? तुमच्या डोळ्यादेखत?”

इतकं हसताना मी आमच्या चाळीला कधी बघितलं नव्हतं. शिर्केकाकाही हसले, पान नऊ विसरून. तात्या शेवटी म्हणाले, “नलू, चुकलंय गो. नंबर माझोच, साचा चारशे अठरा,” आणि मग स्वतःच इतके हसले की दोरा गळ्यातून बाहेर आला आणि किल्ली शर्टावर डुलायला लागली.

ती तिथेच राहिली. कारण हसून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, काका, अकरा पानं लॉग निघाला, त्यात आपण सगळे आहोत. मग वाचत नाही कोण? शिर्केकाकांनी ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. दादाने जुनी प्रत लावून सगळी पुस्तकं पाच मिनिटांत जागच्या जागी आणली. तात्यांच्या नावावर एकच ठेवलं, क्रमांक बाराशे तीन. ते आता ते कागदात न गुंडाळता नेतात आणि नलूकाकी दारातून ओरडून सांगतात, मीठ शेवटी घाला.

माझं काय झालं म्हणता? वाटलं होतं, आता चाळीत माझ्याशी कोणी बोलणार नाही. मला ते चाललंही असतं. पण झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी पाच वाजता वाचनालयासमोर रांग. पुस्तक हातात घेतलं की माणूस जात नाही, माझ्या मागे येऊन उभा राहतो. “काय लिहिलंस आमच्याबद्दल? वाच बघू.” नलूकाकींनी तर पान उघडून दाखवलं, “हे बघ, स्वच्छ. हे पण लिही.”

मला आता प्रत्येक कमेंट मोठ्याने वाचून दाखवावी लागते. हा तात्यांचा नियम. रोज वीस-पंचवीस माणसांपुढे. रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत निम्मं पोचतच नाही. शेवटी मी गुपचूप कपाटातून एक पुस्तक काढलं, चारचौघांत न घाबरता कसं बोलावं त्याचं, आणि दप्तरात लपवून घरी नेलं. नोंद अगदी कोरडी केली. ‘तनू: क्र. ६१२ दिलं.’ कोणाला दिलं ते नाही लिहिलं. अट शेवटी, आणि रेघांच्या आधी.

काल ते परत करायला गेले. तात्या म्हणाले, “ऊठ. ह्या मी लिवतंय.” ते खुर्चीवर बसले आणि एका बोटाने टाइप करायला लागले. पंचवीस मिनिटं लागली. मागे रांग उभी होती, शिर्केकाकांसकट, आणि एकही माणूस हलला नाही. मग तात्यांनी चष्मा वर केला आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं:

“साचा ४१८: क्र. ६१२, तनू, परत. चार दिवस उशीर. खूण पान ९ वर.”